सुतकातली पाल

हॉलिवूडच्या सिनेमांबद्दल माझा मुख्य आक्षेप असा आहे, की तिथे कोणी सुतक पाळत नाही.

बाकीचे आक्षेप मी सोडून द्यायला तयार आहे. कथा नसते, मान्य. हाणामारी फार, मान्य. बायकांच्या अंगावर कपडे कमी असतात आणि बाहेर बर्फ पडत असतो, त्याचं काय करायचं ते त्यांच्या आईवडिलांनी बघावं. पण गेल्या दोनतीन वर्षांत मी दंडूतल्या थिएटरांत (दंडू म्हणजे कॅन्टोन्मेंट; इंग्रज जाऊन पन्नास वर्षं झाली तरी आमच्या घरात अजून दंडूच) अमेरिकेची जी शहरं बुडताना, जळताना आणि चेंगरताना पाहिली, त्यांत मिळून निदान दोन कोटी माणसं मेली असतील. एवढं झाल्यावर हीरो काय करतो? साधी आंघोळसुद्धा करत नाही. ढिगाऱ्यावर चढतो, आणि अंगावर अख्ख्या गावाची राख तशीच ठेवून घटस्फोट दिलेल्या बायकोचा मुका घेतो. मग वाद्यं वाजतात. शेजारच्या शहरात कोणाला काही कळवलं, कोणी पिंडाचं बघितलं, काही नाही.

आणि इकडे राणेबेन्नूरला एक माणूस गेला तर बंगळुरात आम्हाला दहा दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावता येत नाही.

ही माझी मतं ऐकून घेणारी जगात एकच व्यक्ती होती: सरसक्का. माझी आत्या. खरं नाव सरस्वतीबाई. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला सरसक्का म्हणायचे म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. तीन भावंडं. थोरले दोड्डप्पा, म्हणजे माझे काका रघुपती, हिशेब खात्यातून निवृत्त, लग्न न केलेले, आमच्यातच राहणारे. मधली सरसक्का, मल्लेश्वरमला दिलेली. धाकटे अप्पा. लहानपणी दोड्डप्पा आणि सरसक्का दोघं घरी न सांगता दंडूत इंग्रजी सिनेमाला जात. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. परत येताना रस्त्यात गोष्ट दोघं मिळून ठरवत, त्यामुळे त्यांनी पाहिलेले सिनेमे मूळ सिनेमांपेक्षा बरे असत असं माझं मत आहे.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी ट्रेनी होतो. दर रविवारी सिनेमा पाहायचा आणि तिथून थेट मल्लेश्वरमला जाऊन सरसक्काला सांगायचा, असा क्रम होता. घरी मी सिनेमाबद्दल बोलायला लागलो की आई म्हणायची, "आधी ताट उचल." सरसक्का मात्र प्रश्न विचारायची.

"त्या शास्त्रज्ञाचं कोणीच का ऐकत नाही रे?"

"पहिल्या अर्ध्या तासात ऐकलं तर सिनेमा संपेल की."

"मग दर वेळी तोच का सांगत बसतो? गप बसावं. आपल्या शामासारखं."

शामा म्हणजे शामसुंदर, म्हणजे अप्पा. ते खरंच गप्प असत. बँकेत नोकरी, घरात शास्त्र, आणि दोन्ही ठिकाणी नियमाबाहेर एक अक्षर नाही.

त्या वर्षी सरसक्काला अल्सर झाला. अल्सर हा आमच्या नातेवाइकांत फार उपयोगी शब्द आहे. ज्या आजाराचं नाव घ्यायचं नसतं, त्या प्रत्येकाला आम्ही अल्सर म्हणतो. तिलाही ते माहीत होतं. तिच्या दोन जावांना पूर्वी अल्सरच झाला होता.

आणि त्याच सुमारास शहरभर त्या पालीची पोस्टरं लागली.

सिनेमा असा, की वाळवंटात कसलीशी खाण खोदतात, त्यातून एक पाल निघते आणि ती अमेरिकेतल्या शहरात येते. शास्त्रज्ञ सांगतो. कोणी ऐकत नाही. मी अजून पाहिलेला नव्हता, पण माझ्यासारख्या अनुभवी प्रेक्षकाला पोस्टरवरून शेवटपर्यंत कळतं.

"केवढी पाल?" सरसक्काने पडल्या पडल्या विचारलं.

"विधानसौधाएवढी."

"शेपटीसकट?"

"शेपटी सोडून."

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "शेपटी तुटते का तिची? तुटून वळवळते?"

इंग्रजी पेपरांतले सिनेमाचे सगळे लेख मी वाचतो. हा प्रश्न एकाही विद्वानाला सुचलेला नव्हता.

सरसक्का पालीला आयुष्यभर भ्यायली. ट्यूबलाइटच्या मागे पाल दिसली की ती स्वयंपाक सोडून अंगणात जाऊन बसायची. तीच म्हणाली, "मला न्या त्या सिनेमाला. एकदा एवढी मोठी बघितली, की मग लहान कशाचीच भीती वाटायची नाही."

तिचा मुलगा संतोषकुमार म्हणाला, "अम्मा, एसीत तुला सोसणार नाही." डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, न्यायचं तर लवकर न्या. डॉक्टर लोक एरवी इतकं स्पष्ट बोलत नाहीत.

"मी नेतो तिला," दोड्डप्पा म्हणाले. "किऱ्या, तू बरोबर यायचं. कानात अर्थ सांगायचा."

किऱ्या म्हणजे मी, किरणकुमार. हॉलिवूडचा जाणकार म्हणून घराण्याने मला अधिकृत मान्यता दिली, ती ही एवढीच.

दुसऱ्या दिवशी राणेबेन्नूरचे हयवदनराव गेले.

हयवदनराव कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं. अप्पांनी जुना वंशवृक्ष काढून चष्मा पुसला आणि बोट फिरवत फिरवत चौथ्या पिढीत त्यांना शोधून काढलं. हयात असताना त्यांना कोणी इतकं शोधलं नसेल. "सपिंड," अप्पा म्हणाले. "दहा दिवस." झालं. देवपूजा बंद, कोणाच्या घरी जाणं बंद, सिनेमाचं तर नावच नको. सरसक्काकडे जाणंही बंद, कारण तिच्या घरी शाळिग्राम, आणि सुतकी माणसाने तिथे उंबरा ओलांडायचा नाही.

खालच्या मजल्यावर मकरंद आणि विद्या राहत. पुण्याचे. मकरंद एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. तिथे काय बनतं हे तो सांगू शकत नसे आणि सांगितल्याशिवाय राहू शकत नसे. आम्हाला येणारे फोन त्याच्याकडे यायचे, त्यामुळे आमच्या घरातल्या मरणांचा त्याला आमच्याआधी पत्ता लागायचा.

"काका, पण लॉजिकली बघा ना," तो जिन्यात उभा राहून दोड्डप्पांना म्हणाला, "तुम्ही त्यांना कधी भेटलाच नाहीत. आमच्याकडे पुण्याला आता सगळं तीन दिवसांत आटोपतात. प्रॅक्टिकल!"

"आणि पिक्चरला काय होतंय?" विद्या म्हणाली. "अंधारातच तर बसायचं असतं. कोण बघतंय?"

"वर बघणारा आहे की," दोड्डप्पा म्हणाले.

"बाल्कनीतला?" मी विचारलं. कोणी हसलं नाही. सुतकात हसायचं नसतं हे मला मान्य आहे, पण हे लोक फिटल्यावरही हसत नाहीत.

दहा दिवस मोठ्या शिस्तीत गेले. दहाव्या रात्री आई दुसऱ्या दिवशीच्या शुद्धीची तयारी करत होती, आणि पहाटे मकरंद जिना चढून आला. हयवदनरावांचे धाकटे भाऊ गेले होते.

आमचे कुलगुरू भीमाचार्य यांना बोलावलं. भीमाचार्य म्हणजे उंच, कृश, छत्री घेतलेला माणूस. शास्त्रापुढे ते कोणाचं काही चालू देत नाहीत. त्यांनी नियम सांगितला तो असा: एका सुतकात दुसरं आलं, तर पहिल्याबरोबर दुसरंही फिटतं. इथवर आमचे चेहरे उजळले. "पण," आचार्य म्हणाले, "दहाव्या रात्री आलं तर दोन दिवस वाढतात. आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरात आलं, तर तीन."

"किती वाजता गेले?" दोड्डप्पांनी विचारलं.

"साडेचारला," मकरंद म्हणाला.

"दोन तास आधी जाता आलं नसतं त्यांना?"

"रघुपतीराव," आचार्य म्हणाले, "मरणाऱ्याची सोय बघून शास्त्र होत नाही."

त्याच बैठकीत, विषय निघालाच होता म्हणून, मी एक शंका विचारली. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं: पाल डोक्यावर पडली तर काय फळ, खांद्यावर पडली तर काय. मी विचारलं, "आचार्य, पाल अख्ख्या शहरावर पडली तर?"

मला वाटलं, हाकलून देतील. आचार्यांनी डोळे मिटून विचार केला. "पहिला स्पर्श कुठं?"

"एका हॉटेलच्या गच्चीवर."

"मग मस्तकच धरायचं. शहराच्या नायकाला मृत्युभय." मग आवाज उतरवून म्हणाले, "नायक मरतो काय रे?"

"नाही. नायक मरत नसतो, आचार्य. नायकाचा मित्र मरतो."

"अन् सुतक?"

"कोणी पाळत नाही."

आचार्यांनी मान हलवली. त्या देशाबद्दल त्यांना जे वाटत होतं त्यावर माझ्या साक्षीने शिक्का बसला.

ते तीन दिवस गुरुवारी संपले. तोवर पाल मोठ्या थिएटरातून उतरून शिवाजीनगरच्या बाजूच्या एका जुन्या थिएटरात आली होती, तीही फक्त दुपारच्या खेळाला, तीही पुढच्या गुरुवारपर्यंत. मी रविवारची तीन तिकिटं काढून आणली. बाल्कनी, कडेच्या खुर्च्या, म्हणजे सरसक्काला उठायला बरं.

आता दोड्डप्पांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. (हा विनोद मी चार जणांना ऐकवला आहे. पाचवे तुम्ही.) राणेबेन्नूरला अजून एक भाऊ होता, आजारी. गदगला एक चुलत घराणं होतं, सगळे ऐंशीच्या पुढचे. रविवारपर्यंत यांतलं कोणीही जाऊ शकत होतं.

"आचार्य," दोड्डप्पांनी विचारलं होतं, "सुतक कधी लागतं? माणूस गेल्यावर, का कळल्यावर?"

"कळल्यावर. बातमी कानावर पडेपर्यंत दोष नाही."

पस्तीस वर्षं हिशेब खात्यात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच तेज पाहिलं. "म्हणजे आवक!" ते म्हणाले. "कागद आवक झाला नाही, तर आपल्यावर जबाबदारी नाही. आमच्या ऑफिसात पस्तीस वर्षं हेच चाललं."

अप्पांनीही आक्षेप घेतला नाही. शास्त्रात होतं.

असं आमच्या घराचं आवक खातं बंद झालं. पेपर बंद, कारण पेपरात निधनाच्या जाहिराती असतात. पोस्टमनला सांगितलं, सोमवारी ये. मकरंदला दोड्डप्पांनी समोर बसवून बजावलं, "रविवार संध्याकाळपर्यंत कसलाही फोन येऊ दे, आम्हाला सांगायचं नाही."

"पण काका, फोन साधा असेल तर? म्हणजे कोणी गेलेलं नसेल तर?"

"साधे सांगितलेस अन् एक सांगितला नाहीस, तर आम्हाला कळणार नाही का? न सांगणं हीच बातमी झाली की. एकही सांगायचा नाही."

मकरंद इंजिनियर होता. त्याला हे तर्कशास्त्र इतकं पटलं, की त्याने वहीच्या पानावर आकृती काढून विद्याला समजावलं.

त्याच संध्याकाळी दोड्डप्पा खाली जाऊन मकरंदच्या फोनवरून सरसक्काशी बोलले. बोलले म्हणजे ओरडले. फोन लांबचा असला की आवाज मोठा लागतो असं त्यांचं मत होतं, आणि मल्लेश्वरम त्यांच्या हिशेबाने लांब होतं.

"सरसू! रविवारी अकराला येतो! तयार राहा!"

पलीकडून बारीक आवाज आला. दोड्डप्पा हसले. "दीडला येते पाल. आधी जाहिराती दाखवतात." मग पलीकडे ती आणखी काही सांगायला लागली. "रघू, ऐक की—" एवढं मलाही ऐकू आलं.

दोड्डप्पा एकदम दचकले. नात्यातल्या सगळ्या बातम्या सरसक्काकडे आधी पोचतात. "साकु, साकु! पुरे! काही सांगू नकोस! रविवारी सांग!" असं म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. मोठ्या अपघातातून वाचल्यासारखा घाम पुसला.

शुक्रवारी त्यांनी मल्लेश्वरमला जायची गोष्ट काढली. दोन आठवडे बहिणीला बघितलं नव्हतं. आम्हीच सगळे म्हणालो, नको. मल्लेश्वरममध्ये आमचे एवढे नातेवाईक आहेत, की बसमधून उतरल्यापासून तिच्या दारापर्यंत कोणी ना कोणी काही ना काही सांगणारच. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," अप्पा म्हणाले. दोड्डप्पा सरी, म्हणजे बरं, म्हणाले, आणि कपाटातून लोकरीचा कोट काढून उन्हात टाकला. एसीसाठी.

शनिवारी सकाळी विद्या वर आली. दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "किरण, जरा ऐक ना, मकरंदला वाटतंय की—"

मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्याने बेचा पाढा म्हणायला लागलो. ती हातवारे करू लागली, तसे मी डोळेही मिटले. खूण कळली तरी लागतं, असं आचार्य म्हणाले होते. बे दाही वीसपर्यंत म्हणून डोळे उघडले, तेव्हा ती गेलेली होती. आईने आतून विचारलं, "काय म्हणत होती?" मी म्हणालो, "मला काहीही माहीत नाही," आणि मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

दुपारी मकरंद जिन्यात भेटला. मला बघून भिंतीला चिकटला. तोंड असं, की दातदुखी असावी. "सगळं नीट ना?" मी म्हणालो. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "प्लीज." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी वर येऊन दोड्डप्पांना म्हणालो, माणूस विश्वासू आहे.

रविवारी आम्ही ऑटोने निघालो. उकाडा मरणाचा, आणि दोड्डप्पा लोकरीच्या कोटात. वाटेत मी त्यांना तयार करत होतो. पाल प्रथम दिसेल तेव्हा फक्त डोळा दिसेल. लहान मुलीचा कुत्रा हरवेल, तो सापडेल. कुत्रा मरत नाही, त्या लोकांचा काय तो एकच धर्म. राष्ट्राध्यक्ष टेबलावर मूठ आपटेल. दोड्डप्पा हं हं म्हणत होते. म्हणाले, "शेपटीचं लक्ष ठेव. ती विचारेल."

मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत ऑटो वळला, आणि सरसक्काच्या दारात चपला दिसल्या. पुष्कळ.

दोड्डप्पा ऑटोतून उतरले. ऑटोवाल्याने मीटर सांगितला, तो मी दिला. ते तसेच उभे. संतोषकुमार बाहेर आला. उघड्या अंगावर ओला पंचा. त्याने दोड्डप्पांचा कोट बघितला, माझ्या खिशातून डोकावणारी तिकिटं बघितली, आणि इतक्या शांतपणे बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं.

"शुक्रवारपासून फोन करतोय, मामा. शुक्रवारी दोनदा केला. काल तीनदा. अम्मा शुद्धीवर होती. रघूला बोलवा, रघूला बोलवा. खाली ते मकरंद म्हणाले, सांगतो. दर वेळी म्हणाले, सांगतो."

"कधी?" दोड्डप्पांनी विचारलं.

"सकाळी. नऊ झाले असतील."

"गुरुवारी फोनवर ती काहीतरी सांगत होती," दोड्डप्पा म्हणाले. "काय सांगत होती?"

संतोषकुमारला माहीत नव्हतं. आत कोणालाच माहीत नव्हतं. दोड्डप्पांनी सुनेला विचारलं, कामवालीला विचारलं, सरसक्काच्या औषधाच्या बाटल्या आणून देणाऱ्या शेजाऱ्याला विचारलं. मग आत जाऊन तिच्या उशाशी बसले. तिला खाली जमिनीवर घेतलं होतं. खोलीत खुर्चीवर नवी नारिंगी साडी घडी घालून ठेवलेली होती. सून म्हणाली, गुरुवारी फोन झाल्यावर काढायला लावली होती.

तासाभरात अप्पा आले. मकरंद आणि विद्याही आले. विद्या आत गेली, मकरंद फाटकाशीच थांबला. मला म्हणाला, "सीरियस आहे एवढंच म्हणत होते रे. गेल्या म्हणत नव्हते. मी रात्रभर विचार केला, हे नियमात बसतं का." तो त्या फाटकाची कडी उघडत होता, लावत होता. "सांगितलं असतं आणि त्याच दिवशी काही झालं असतं, तर काका म्हणाले असते, सांगितलंस म्हणून लागलं." मी काय बोलणार? मला बेचा पाढा येतो, हे त्याला ठाऊक होतं.

हॉलिवूडचा शास्त्रज्ञ निदान सांगतो तरी.

संध्याकाळी स्मशानातून आल्यावर, अंगणात आंघोळी चालू असताना, अप्पांनी भीमाचार्यांना सवयीने विचारलं, "आम्हाला किती?"

"बहीण. लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेली. तिच्या घरी गेली," आचार्य म्हणाले. "भावांना पक्षिणी. दीड दिवस. परवा सकाळी मोकळे."

दोड्डप्पा तांब्या हातात धरून उभे होते. "किती?"

"दीड."

"दीड दिवस तर गणपती असतो."

"हयवदनरावाला दहा दिले मी," दोड्डप्पा म्हणाले. "त्याच्या भावाला वर तीन. तोंड पाहिलं नव्हतं मी त्यांचं. ही माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची, थंडीत. हिला दीड?"

"शास्त्र आहे, रघुपतीराव."

"मग वळते करा."

"काय?"

"वळते करा! त्याचे दहा काढा, हिच्या खात्यात घाला. त्याला दीड ठेवा. एक चुकीची नोंद आहे, दुरुस्त करा. आयुष्यभर मी हेच केलंय, आचार्य, होतं ते. वरची सही लागते, एवढंच."

अंगणातली माणसं थांबून ऐकत होती. कोणीतरी खोकलं. आचार्य हळू आवाजात म्हणाले, "सुतक वळतं करता येत नाही."

मंगळवारी सकाळी आईने बंबात पाणी तापवलं. अप्पांनी आंघोळ केली, जानवं बदललं, डबा घेतला आणि बँकेत गेले. दोड्डप्पा पुढच्या व्हरांड्यात चटईवर बसून राहिले.

"दोड्डप्पा, पाणी निवतंय," आई म्हणाली.

"शिवू नकोस. सुतक आहे मला."

"फिटलं की आज."

"तुमचं फिटलं असेल."

बुधवारी मकरंद तिकिटं घेऊन वर आला. गुरुवारचा शेवटचा खेळ. त्याचे डोळे सुजले होते. "काका, आता दीड दिवस होऊन गेला. म्हणजे टेक्निकली तुम्ही... मावशींची इच्छा होती. आपण सगळे जाऊ. मी गाडी सांगतो." त्या क्षणी मला त्याचा संताप आला नाही, हे नोंदवून ठेवतो. दुःखात माणूस काय वाटेल ते करतो. काही जण दाढी वाढवतात, काही तिकिटं काढतात. दोड्डप्पांनी तिकिटांकडे बघितलं. म्हणाले, "बस, मकरंदराव. तिकडे. लांब बस, तुला आंघोळ लागेल." मकरंद लांब बसला आणि अंधार पडेपर्यंत उठला नाही. पाल गुरुवारी गेली. आमच्यापैकी कोणीही पाहिली नाही. त्या सिनेमाबद्दल माझं कसलंही मत नाही, आणि असा तो एकच सिनेमा आहे.

शुक्रवारी अप्पा बँकेतून वेळेआधी घरी आले. असं पूर्वी झालेलं नव्हतं. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, व्हरांड्याच्या दारात थोडा वेळ उभे राहिले. दोड्डप्पांनी वर बघितलं नाही. अप्पा आत गेले, माळ्यावरची दुसरी चटई काढली, ती आणून दोड्डप्पांच्या चटईशेजारी अंथरली आणि भिंतीला पाठ टेकून बसले.

"शामा, तुझं फिटलंय की," दोड्डप्पा म्हणाले.

अप्पांनी चटईचा दुमडलेला कोपरा सरळ केला. रात्री आईने दोघांची ताटं बाहेर ठेवली, आणि वाढताना पदर सावरून, न शिवता, वरून वाढलं. तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

रविवारी भीमाचार्य आले. कोणत्याशा पूजेचा दिवस ठरवायचा होता. फाटकातून आत येताना छत्री मिटली आणि दोन चटयांवरचे दोन भाऊ बघून पायरीवरच थबकले. दाढीचे खुंट, विस्कटलेली शिखा, मळलेली धोतरं. त्यांनी दोड्डप्पांना काही विचारलं नाही. बोलायचं ते नेहमीच नियमाच्या माणसाशी बोलत.

"काय, शामसुंदरराव? फिटलं ना तुमचं?"

"नाही फिटलं, आचार्य," अप्पा म्हणाले.

आचार्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता श्लोक म्हणणार. पक्षिणी म्हणणार. तेवढ्यात आई आतून कॉफी घेऊन आली. एरवी आमच्या घरची कॉफी घेतल्याशिवाय भीमाचार्य कधी गेले नव्हते; सोवळं पाळणाऱ्या त्या माणसाची तेवढी एकच फट होती, आणि आईला ती माहीत होती. लोटीतून वाफ येत होती.

आचार्यांनी हात मागे घेतला.

"नको, अक्का," ते म्हणाले. "सुतकाच्या घरचं मला चालत नाही."

आणि पायरीवरूनच छत्री उघडून गेले.